धरणापासून पिंपापर्यंत : पिंपरी-चिंचवडच्या पाण्याची वाट

१/ पिंपरी-चिंचवडच्या घरात पाणी किती आणि कसे येते, हे केवळ पावसावर ठरत नाही. ते कोणत्या वाटेने येते, यावरही ठरते. या वाटेच्या वादात तिघांचे प्राण गेले आहेत.

२/ १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. पाठोपाठ औद्योगिक वसाहत विस्तारली. १९७० मध्ये नगरपालिका, १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. पवनाकाठची गावे शहरात मिसळली आणि नदी-विहिरींची जागा नळाने घेतली.

३/ पवना धरणातून सोडलेले पाणी नदीच्या उघड्या पात्रातून रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येते. तेथून ते उपसून निगडीच्या केंद्रात शुद्ध केले जाते. वाटेत काही पाणी आटते, काहीत सांडपाणी मिसळते. पाणी जितके गढूळ, तितकी तुरटी अधिक लागते.

४/ यावर उपाय म्हणून धरणापासून निगडीपर्यंत सुमारे ३४ किलोमीटरची बंद जलवाहिनी योजण्यात आली. मावळातील शेतकऱ्यांना मात्र नदीचे, म्हणजे शेतीचे, पाणी जाईल अशी भीती होती. धरणासाठी जमिनी गेलेल्या अनेकांचे पुनर्वसनही अपूर्णच होते.

५/ ९ ऑगस्ट २०११, क्रांतिदिन. बऊर येथे द्रुतगती महामार्गावर आंदोलन झाले. पोलिसांच्या गोळीबारात एका महिलेसह तीन आंदोलक मृत्युमुखी पडले. जलवाहिनीचे काम थांबले.

६/ शहर वाढतच राहिले. नोव्हेंबर २०१९ पासून पाणी दिवसाआड येऊ लागले. मोठ्या टाक्या असलेल्या सोसायट्यांनी ते निभावले. चाळी-वस्त्यांत पिंपे आणि हंडे भरून ठेवणे आले. साठवलेल्या पाण्यातील क्लोरीन हळूहळू कमी होतो. उघड्या पिंपात डेंग्यूचे डास वाढतात. केंद्रातून शुद्ध निघालेले पाणी घरात दूषित होऊ शकते. शिवाय नवे पाणी आले की ‘शिळे’ म्हणून जुने ओतून देण्याची सवय आहेच.

७/ तूट कूपनलिका आणि टँकर भरून काढतात. बेसाल्ट खडकातले पाणी बहुधा जड असते. तोट्यांवर पांढरा थर धरतो, साबणाला फेस येत नाही.

८/ २०२३ पासून आंद्रा धरणाचे पाणीही शहराला मिळू लागले. ते इंद्रायणीच्या पात्रातून चाकण पट्ट्यालगतच्या निघोजे येथे येते आणि चिखलीत शुद्ध होते. नदी दुसरी, वाट तशीच उघडी.

९/ म्हणून वाहिनीचा वाद मिटला तरी नदी स्वच्छ राखण्याचा प्रश्न उरतोच. त्याच नदीवर मावळची शेती आणि शहराचा नळ, दोन्ही अवलंबून आहेत.

आपल्या घरचे पाणी कोणत्या वाटेने येते, हे एकदा अवश्य शोधून पाहावे.