निरोपाचा शिक्का

सुरक्षित जोडणी बंद झाली, एवढेच पडद्यावर उमटते आणि सर्व्हर सांभाळणाऱ्याची रात्र कारण शोधण्यात जाते. प्रमाणपत्राची मुदत संपली, जुनी आवृत्ती नाकारली गेली, की मधल्या कुणी जोडणी तोडली? प्रोटोकॉल लिहिणाऱ्यांनी आळस केला, असे यावर अनेकांचे ठाम मत असते. इतिहास मात्र वेगळे सांगतो. कारण कळवण्याची सोय त्यांनी आधी केली, मग भरपूर वाढवली आणि पुढे जाणूनबुजून आखडती घेतली. माझ्या मते 'मी जोडणी बंद करतो आहे' हे सांगणे आणि 'का करतो आहे' हे सांगणे ही दोन निराळी कामे आहेत. पहिल्यावाचून सुरक्षा अपुरी राहते, तर दुसऱ्याने तीच सुरक्षा पोखरली जाऊ शकते. दोन्ही एकाच खात्यात टाकली गेली, तिथून घोळ सुरू झाला.

सप्टेंबर १९८१ मध्ये ठरलेल्या टीसीपीच्या नियमांत जोडणी संपवण्याचे दोन मार्ग होते. एक 'फिन', म्हणजे माझे बोलून झाले. दुसरा 'रीसेट', म्हणजे हे इथेच तोडले. दोन्हींवर पाठवणाऱ्याची कसलीच खूण नसते, त्यामुळे वाटेत बसलेला कुणीही ती चिठ्ठी बनवून पुढे सरकवू शकतो. १९९५ साली नेटस्केपने एसएसएलची दुसरी आवृत्ती आणली. तिने मजकूर कुलूपबंद केला, पण मजकूर संपला हे कळायला ती याच उघड्या 'फिन'वर विसंबली. परिणाम सरळ होता. आतले एक अक्षर न वाचता मधल्या माणसाने मजकूर अर्ध्यावर कापावा, आणि घेणाऱ्याने तो पुरा समजावा. 'रक्कम द्या, मात्र सही पाहूनच' यातला पहिला भागच पोचला तर काय होईल, हे सांगायला नको. मराठी दफ्तराला हा धोका फार आधी ठाऊक होता. शिवकालीन पत्राच्या शेवटी 'मर्यादेयं विराजते' असा मोर्तबाचा शिक्का उमटे. इथे लेखन संपले, हे तोच सांगे. १९९६ च्या एसएसएल ३.० मध्ये ॲलन फ्रायर, फिलिप कार्लटन आणि पॉल कोचर यांनी 'क्लोज नोटिफाय' घातले, ते हेच मोर्तब. ही सूचना बाकीच्या मजकुरासारखीच किल्लीने संरक्षित होऊन जाते, म्हणून ती मधल्याला बनवता येत नाही. ती न येता जोडणी संपली, तर मजकूर कापला गेल्याचा संशय धरायचा.

या निरोपाला मांडणीत जागा मिळाली ती मात्र तक्रारींच्या रांगेत. 'ॲलर्ट' नावाच्या दोन बाइटांच्या संदेशात पहिला बाइट गांभीर्य सांगतो आणि दुसरा कारणाचा क्रमांक. शून्य म्हणजे निरोप, ४५ म्हणजे प्रमाणपत्राची मुदत संपली, वगैरे. एसएसएल ३.० मध्ये अशी १२ कारणे होती. जानेवारी १९९९ मध्ये त्याच्या जागी आलेल्या टीएलएस १.० मध्ये ती २३ झाली. हेतू चांगलाच होता, समोरच्याला नेमके कळावे. या वाढीत क्रमांक २१ आला, 'उलगडता आले नाही'. त्याच्या शेजारी जुना २० होता, 'उलगडले, पण शिक्का जुळला नाही'. हा बारकावा २००२ मध्ये सर्ज व्हॉदने यांनी हेरला. मोडतोड केलेला मजकूर पाठवायचा आणि उत्तर २० येते की २१ ते पाहायचे. असे पुन्हा पुन्हा केले, तर किल्ली हाती नसताना मूळ मजकूर बाइटाबाइटाने उकलता येतो. टीएलएसमध्ये हे उत्तरही कुलूपबंद जाते, म्हणून हल्ला कागदावरच राहील असे वाटण्यासारखे होते. पुढच्याच वर्षी लोझानच्या त्यांच्या गटाने उत्तराला लागणाऱ्या वेळेवरून तोच फरक ओळखला आणि ईमेलचा पासवर्ड काढून दाखवला. २००६ च्या टीएलएस १.१ ने हा फरक पुसला. दोन्ही चुकांना उत्तर एकच, २०. नेमकेपणा इथे अज्ञानाने गेलेला नाही, अनुभवाने काढून घेतलेला आहे.

यावर आक्षेप येतो की गप्प राहिल्यानेही नुकसान होतेच, आणि त्याला ऑक्टोबर २०१४ च्या 'पूडल' हल्ल्याचा दाखला आहे. काही जुने सर्व्हर नवी आवृत्ती दिसली की काही न बोलता जोडणी तोडत. ब्राउझरांनी त्यावर तोडगा काढला: जोडणी तुटली की एक पायरी खाली उतरून पुन्हा प्रयत्न करायचा. मग हल्लेखोराला नुसत्या जोडण्या तोडत राहायचे होते. ब्राउझर आपल्या पायाने एसएसएल ३.० पर्यंत उतरत येई. सर्व्हरने कारण सांगितले असते तर हे टळले असते का? मला तसे वाटत नाही. आवृत्ती ठरण्याच्या त्या टप्प्यावर किल्ल्याच ठरलेल्या नसतात, त्यामुळे 'तुमची आवृत्ती चालत नाही' हे सांगणारा ७० क्रमांकही हल्लेखोराला तितक्याच सहज बनवता आला असता. खोट ब्राउझरच्या भोळेपणात होती. बिनशिक्क्याच्या तुटण्यातून त्याने कारण वाचले. २०१५ चा उपायही याला धरूनच होता: खाली उतरलेल्या ब्राउझरने 'मी उतरून आलो आहे' असे जोडणीच्या सुरुवातीच्या हस्तांदोलनातच नोंदवायचे, आणि त्याहून वरची आवृत्ती बोलू शकणाऱ्या सर्व्हरने ८६ क्रमांक देऊन त्याला परतवायचे.

मौन पाळणेही वाटते तितके सोपे नाही. डॅनियल ब्लायकनबाकर यांनी १९९८ मध्ये सर्व्हरच्या चूक-उत्तरांवरून गुपित काढण्याची एक रीत दाखवली होती. २०१७ मध्ये 'रोबोट' या नावाने ती पुन्हा वर आली, तेव्हा असे दिसले की काही सर्व्हर एका चुकीला ॲलर्ट देत आणि दुसरीला टीसीपी रीसेट, तर काही नुसते ताटकळत ठेवत. ओठ मिटलेले, आणि दार आपटण्याची तऱ्हा सगळे सांगते आहे! म्हणून कारण हवे असेल तर ते बंद करणाऱ्याच्या नोंदवहीत शोधावे, तारेवर नाही. समोरचा सर्व्हर परक्याचा असेल तर ही वहीच मिळत नाही, ही अडचण खरी आहे. पण परक्याला सगळे सांगणारा सर्व्हर हल्लेखोरालाही परकाच समजून सगळे सांगतो.

एवढे पटल्यावर निरोपाचा शिक्का तरी नेमाने उमटायला हवा होता. तिथेच सर्वांत मोठी हयगय झाली. टीएलएस १.० चा दंडक असा होता की निरोपाविना तुटलेले सत्र पुन्हा जोडून घ्यायचे नाही. सर्व्हर तो पाळत नसत, कारण निरोप देण्यापेक्षा सॉकेट बंद करणे सोपे. अखेर टीएलएस १.१ ने रूढीपुढे मान तुकवली आणि दंडक काढला. मार्च २०२० मध्ये टीएलएस राबवणाऱ्या ओपनएसएसएल या सॉफ्टवेअरच्या १.१.१ई आवृत्तीने निरोपाविना आलेला शेवट ही ठळक चूक म्हणून दाखवायला सुरुवात केली. जुन्या वागण्यावर विसंबलेले प्रोग्रॅम अडखळू लागले, आणि त्याच महिन्याच्या ३१ तारखेला आलेल्या १.१.१एफ ने तो बदल मागे घेतला. सप्टेंबर २०२१ च्या ३.० मध्ये तो परत आला, यावेळी टिकला. मात्र त्याच आवृत्तीत अशा शेवटाकडे काणाडोळा करण्यासाठी एक वेगळा पर्यायही ठेवलेला आहे.