माळीण, बागवान आणि पथविक्रेता

सन 1885, कार्तिक महिना. नीट उजाडलेलंही नाही आणि तुम्ही शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात उभे आहात. 1828 च्या आगीत आतला वाडा गेला; बाहेर मात्र पुण्याची मंडई भरतेय. धुक्यातून बायका येताहेत, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटी.

एक जण तुमच्यापुढ्यातच पाटी उतरवते. गोणपाट झटकून अंथरते, मेथीच्या जुड्या मुळं आतल्या बाजूला करून गोल रचते, ओंजळीनं पाणी शिंपडते. चाकवताच्या मुळाशी माती अजून ओली आहे. तुम्ही सवयीनं विचारता, "मावशी, मेथी कशी?" ती नुसतीच बघत राहते. मागून एक पगडीवाले गृहस्थ पुढे होतात, "माळणी, जुडी कशी दिलीस गं?"

"घ्या की रावसाहेब, भवानी व्हायचीय."

मिळालेला पैसा ती आधी कपाळाला लावते, मग कनवटीला.

पलीकडे सीताफळं आणि पेरू मांडून बागवान बसलाय. बागवान म्हणजे फारसीत बाग राखणारा. माळी या शब्दाच्या मुळाशी फुलांची माळ. विकणाऱ्यांची नावं, पण दोन्हींत विक्री कुठेच नाही. मला हे फार मोलाचं वाटतं. ज्यानं पिकवलं त्यानंच आणून विकलं, हे या शब्दांनी अजून धरून ठेवलंय. गोऱ्हे घराणं पेशव्यांना फुलं पुरवायचं, म्हणून त्यांचं आडनावच फुले झालं.

त्याच घरातले जोतीराव नगरपालिकेचे सदस्य असताना नव्या मंडईच्या खर्चाला विरोध करून बसलेत. तो पैसा गरिबांच्या शिक्षणाला द्या, हे त्यांचं म्हणणं. ते कुणी ऐकलं नाही. पुढच्या ऑक्टोबरात, 1886 मध्ये, शुक्रवार पेठेत गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाचं दगडी मार्केट उघडेल आणि ही माळीण छपराखाली जाईल. त्याच इमारतीला पुढे महात्मा फुले मंडई म्हणतील.

तुम्ही परत येता. गल्लीत हातगाडी उभी आहे. 2014 च्या केंद्रीय कायद्यानं या माणसांना संरक्षण दिलं, ते हवंच होतं. पण त्यात त्यांचं नाव आहे पथविक्रेता. नावात रस्ता आला, मळा गेला.

उद्या भाजीवाली दारावर आली की मेथी कुठली, एवढं विचारा. माल मार्केट यार्डातून उचललेला असला, तरी गावाचं नाव बहुतेक वेळा तिला ठाऊक असतं.