कळीचा आकडा, कळीचे नाव

संगणकाच्या की-बोर्डवर 'के' दाबले की यंत्राला 'के' समजते, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात की-बोर्डला एकही अक्षर येत नाही. त्याला फक्त जागा ठाऊक असते. '३७ क्रमांकाची कळ दाबली', एवढाच निरोप तो आत पोचवतो. त्या आकड्याचे पुन्हा माणसाला वाचता येईल असे नाव करणे, हे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांचे एक जुने, किचकट आणि कोणाच्या नजरेत न भरणारे काम आहे. मी ते बरीच वर्षे केले. त्याचीच ही हकीकत.

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला. त्याच्या की-बोर्डवर ८३ कळा होत्या आणि प्रत्येकीला क्रमांक होता. 'एस्केप' १, 'क्यू' १६, 'ए' ३०, 'झेड' ४४. कळ दाबली की तिचा आकडा जाई. सोडली की त्यात १२८ मिळवून दुसरा आकडा जाई. अक्षराऐवजी जागेचा क्रमांक पाठवण्यात शहाणपण होते. फ्रान्समध्ये १६ क्रमांकाच्या जागी 'ए' असतो, जर्मनीत ४४ च्या जागी 'वाय'. आतली यंत्रणा सगळीकडे एकच ठेवायची, कळांवरची छपाई आणि सॉफ्टवेअरमधला तक्ता तेवढा बदलायचा, की काम भागले.

पुढे विंडोज आले आणि आकड्यांची दुसरी यादी आली. ही यादी जागेची नव्हे, कळीच्या अर्थाची. तिच्यात 'ए' म्हणजे ६५. हा आकडा १९६३ च्या 'आस्की' या अमेरिकन संकेतप्रणालीतून आलेला. 'एंटर' म्हणजे १३, तोही त्याच प्रणालीतला. टेलिप्रिंटरचा गाडा ओळीच्या सुरुवातीला परत नेण्याची ती खूण. आता गंमत बघा. जागेच्या यादीत ३७ म्हणजे 'के', तर अर्थाच्या यादीत ३७ म्हणजे डावा बाण! आकडा कोणत्या यादीतला, हे कळल्याशिवाय त्याला काही अर्थ नाही.

एखाद्या कामासाठी आपल्या सोयीची कळ निवडा, असे सॉफ्टवेअर सांगते तेव्हा निवडलेली कळ पडद्यावर दाखवावी लागते. तिथे नुसते '३७' दाखवून कसे चालेल? त्यासाठी विंडोजमध्ये तयार सोय आहे. जागेचा क्रमांक दिला की चालू मांडणीतले नाव मिळते. जर्मन मांडणी असेल तर 'शिफ्ट'चे नाव 'उमशाल्ट' असे येते.

मात्र डाव्या बाणाचे नाव विचारले, तर पुष्कळदा 'नम ४' असे उत्तर येते. त्याचे कारण इतिहासात आहे. पहिल्या की-बोर्डवर बाण आकड्यांच्या कळांवरच छापलेले होते. डावा बाण चारवर. १९८६ च्या सुमारास १०१ कळांचा की-बोर्ड रूढ होऊ लागला आणि बाणांना स्वतंत्र कळा मिळाल्या. जुनी सॉफ्टवेअर चालत राहावीत म्हणून त्यांना जुनाच क्रमांक ठेवला, ७५. फक्त त्याच्या आधी २२४ ही खूण जोडली. मधल्या वाटेत ती खूण गळाली, की बाणाचा 'नम ४' होतो. २००२ मध्ये आलेल्या डॉट नेटमध्येही साध्या १ च्या कळीचे नाव 'डी१' असे मिळते, कारण तिथे कोणतेही नाव अंकाने सुरू होऊ शकत नाही. अशी नावे प्रोग्रॅमरला समजतात, वापरणाऱ्याला नाही.

आपल्याकडे मात्र जागेच्या या क्रमांकांचे मोठे चीज झाले. १९८६ मध्ये केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने भारतीय लिपींसाठी 'इनस्क्रिप्ट' ही मांडणी प्रमाण ठरवली. १९९१ मध्ये ती भारतीय मानक ब्यूरोच्या मानकात आली. तिच्यात ३५ ते ३८ या शेजारशेजारच्या कळांवर प, र, क, त बसतात. मराठी असो, गुजराती, बंगाली वा कन्नड, ३७ वर 'क'च. लिपी बदलली तरी बोटांना नवे काही शिकावे लागत नाही.

मग नावाचा एवढा आग्रह कशाला? डोळस माणसाला पडद्यावर चुकीचे नाव दिसले, तर तो खाली की-बोर्डकडे बघून घेतो. दृष्टिहीन माणसाला ती सोय नाही. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या स्वतः दृष्टिहीन असलेल्या तरुणाने 'एनव्हीडीए' हे पडदा वाचून दाखवणारे मोफत सॉफ्टवेअर लिहायला घेतले. त्यात कळा ओळखण्याचा सराव करता येतो. कळ दाबली की तिचे नाव ऐकू येते, पण तिचे काम होत नाही. नवशिक्याची की-बोर्डशी ओळख अशी कानांनी होते. तिथे डाव्या बाणाला 'नम ४' म्हटले गेले, तर त्याला पडताळून बघायला दुसरे साधन नसते.

म्हणून नव्याने प्रोग्रॅमिंग करणाऱ्यांना मी सांगत आलो आहे : नावांची यादी स्वतःच्या मनाने करू नका. माणसासमोर जी मांडणी असेल तिलाच नाव विचारा, आणि पडद्यावर ठेवण्याआधी ते एकदा मोठ्याने वाचून बघा.