चार ओव्यांच्या मागचे कागद

फादर थॉमस स्टीफन्स शाळेच्या पुस्तकात भेटतो तो चार ओव्यांपुरता. मराठीची थोरवी गाणारा इंग्रज पाद्री! परक्याने आपल्या भाषेचे कौतुक केले की आपल्याला बरे वाटते, आणि बरे वाटले की पुढचे पान उलटायचे राहून जाते. त्या ओव्या ज्या ग्रंथात आहेत ते ‘क्रिस्तपुराण’ गोव्यातल्या सासष्टीच्या चर्चने आपल्या कामासाठी लिहवून घेतलेले पुस्तक आहे. ते काम काय होते आणि त्या चर्चचा विश्वास कशावर होता, हे उरलेल्या कागदांवरून बरेचसे जुळवता येते.

पहिली अडचण अशी, की मूळ छापील पुस्तकच हाती नाही. १६१६, १६४९ आणि १६५४ अशा तीन आवृत्त्या निघाल्या आणि तिन्हींपैकी एकही प्रत आजवर सापडलेली नाही. आपल्याकडे आहेत त्या हाताने उतरवलेल्या नकला. सुदैवाने नकलाकारांनी मुखपृष्ठही उतरवून ठेवले. त्यावरचे नाव पोर्तुगीज आहे, अर्थ साधारण असा: आमचा तारणारा येशू ख्रिस्त याच्या जगात येण्याविषयीचे निवेदन, दोन भागांत. खाली सासष्टीतल्या राशोलच्या जेझुइट कॉलेजचा उल्लेख आणि इन्क्विझिशन (चर्चचे धर्मन्यायालय) व धर्मप्रांत या दोहोंची परवानगी. ‘पुराण’ हा शब्द या नावात कुठेही नाही. आत मात्र पहिले पुराण, दुसरे पुराण अशीच विभागणी आहे. वरिष्ठांना दाखवायचे दार एक आणि ऐकणाऱ्यांना आत घ्यायचे दुसरे, असे मला ते मुखपृष्ठ पाहून वाटते.

पुराणच का, याचे उत्तर पहिल्या अवस्वरूत आहे. (अध्यायाला स्टीफन्स अवस्वरू म्हणतो.) रविवारी दुपारी देवळात मुलांना धर्मशिक्षण चालले आहे. एक ब्राह्मण येतो आणि पाद्रीला विचारतो, की जुनी पुराणे तर तुम्ही बंद केलीत, मग आमच्या माणसांनी वाचायचे काय? प्रसंग रचलेला असेल. ग्रंथारंभी असा श्रोता उभा करणे हे आपल्याकडचे जुनेच तंत्र. पण त्याच्या तोंडची तक्रार खरी होती. १५६७ मध्ये राशोल किल्ल्याच्या पोर्तुगीज कॅप्टनने सासष्टीतली देवळे पाडली. पोथ्या बाळगायला बंदी आली. आणि स्टीफन्स ज्यांच्यातला, त्याच जेझुइटांनी रामायण-महाभारताच्या कथा रोमन लिपीत उतरवून घेतल्या. ती बाडे आज पोर्तुगालमध्ये ब्रागाच्या ग्रंथालयात आहेत. बाहेर बंदी, आत अभ्यास. सासष्टीच्या लोकांना देवाची गोष्ट ओवीत ऐकायची सवय आहे, हे पाद्री शिकले ते त्यांनीच बंद केलेल्या पुस्तकांतून.

स्टीफन्स गोव्यात उतरला तो २४ ऑक्टोबर १५७९ रोजी. बरोबर चार वर्षांनी, २४ ऑक्टोबर १५८३ ला, त्याने भावाला लॅटिनमध्ये पत्र लिहिले. इथल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनशी मिळतीजुळती आहे, असे त्यात म्हटले आहे. भाषाशास्त्राच्या इतिहासात हे वाक्य आदराने नोंदले जाते. त्याच वर्षीच्या जुलैत कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना ठार मारले होते. देवळे पाडली गेल्याचा राग त्यामागे होता. मृतदेह मिळवण्याच्या कामात स्टीफन्स होता, असे जेझुइट परंपरा सांगते. पुढे बोलणी करायला म्हणून गावच्या प्रमुखांना असोळणेच्या किल्ल्यात बोलावून मारण्यात आले. मेलेल्या पाद्रींचा म्होरक्या रुडॉल्फ अक्वाव्हिवा हा त्याच वर्षी अकबराच्या दरबारातून परतलेला, आणि जेझुइट संघाचा सर्वोच्च प्रमुख क्लॉडिओ अक्वाव्हिवा याचा पुतण्या.

या काकालाच स्टीफन्सने १६०८ मध्ये एक पत्र पाठवले. मला ते सगळ्या कागदांत जास्त बोलके वाटते. मलबारात तिथल्या लिपीत पुस्तक छापले गेले, तसे इथल्या भाषेत आणि इथल्याच अक्षरांत व्हावे, ही त्यात मागणी आहे. अडचणी दोन. युरोपात चोवीस अक्षरांत भागते. इथे काना, मात्रा, वेलांटी धरून साचे सहाशेच्या घरात जातात. दुसरी अडचण वरिष्ठांच्या हुकुमाची. गोव्यात देवनागरीचे खिळे काही पडले नाहीत. म्हणून मराठी पुराण रोमन अक्षरांत छापले गेले: ‘ण’ दाखवायला ‘एन’ दोनदा, ‘श’साठी पोर्तुगीज ‘एक्स’.

आता विश्वासाचे. तो स्टीफन्सने ठरवलेला नव्हता. मुलांसाठी त्याने कोकणीत केलेली प्रश्नोत्तरी त्याच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, १६२२ मध्ये, राशोललाच छापली गेली. तिची प्रत लिस्बनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. क्रुसाची खूण, प्रेषितांचा विश्वासांगीकार, प्रभूची प्रार्थना, नमो मरिया, दहा आज्ञा, साक्रामेंत हा सगळा ऐवज रोमच्या शिकवणीचा, आणि मांडणी मार्कुश जॉर्ज या जेझुइटाच्या पोर्तुगीज पुस्तकावर बेतलेली. देव एक, तो त्रैक्यरूप. माणूस पापात पडला. देवाच्या पुत्राने क्रुसावर मरून त्याला सोडवले. ती मुक्ती चर्चमधून मिळते. यात सासष्टीसाठी काना-मात्राही बदललेला नाही.

निवड होती ती शब्दांची. पुराणात देव ‘परमेश्वर’ आहे, येशू ‘स्वामी’ आहे, स्वर्गाला चक्क ‘वैकुंठ’ म्हटले आहे. मात्र पवित्र आत्मा ‘स्पिरितु सांतु’च राहतो आणि बाप्तिस्म्यालाही परका शब्दच चालतो. जिथे जुना शब्द जुना देव बरोबर घेऊन येईल, तिथे स्टीफन्स पोर्तुगीज किंवा लॅटिन शब्दाचे कुंपण घालतो, असा माझा तर्क. मग वैकुंठात विष्णू आला नसता का? कागद याचे उत्तर देत नाहीत.

यात आणखी एक गाठ आहे. लंडनच्या मार्सडेन संग्रहात याच ग्रंथाची देवनागरी पोथी आहे. अमेरिकन मराठी मिशनचे जस्टिन अ‍ॅबट यांनी १९२३ मध्ये ती अभ्यासकांपुढे आणली. हेच ते संतचरित्रांचे इंग्रजी भाषांतरकार. या पोथीत पोर्तुगीज शब्दांच्या जागी बऱ्याच ठिकाणी संस्कृत शब्द आहेत. मूळ मसुदा हाच, असे अ‍ॅबट यांचे मत. नंतर कोणीतरी ‘शुद्ध’ केलेली ही नक्कल, असेही म्हणता येते. मला दुसरे जास्त पटते. इन्क्विझिशनची परवानगी मिळवायची असलेला माणूस ज्या शब्दांवर वाद होईल ते पोर्तुगीज रूपातच ठेवील.

पुढे १६८४ मध्ये व्हाइसरॉयने फर्मान काढले, की तीन वर्षांत लोकांनी आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावे. चर्चने शंभर वर्षे जे काम ओवीतून चालवले, त्याच्या उलट हे धोरण होते. तरी सुमारे अकरा हजार ओव्यांचे पुराण हस्तलिखितांतून उतरत राहिले. गोव्यातून कानडी मुलखात गेलेल्या कुटुंबांनीही ते जपले, आणि १९०७ मध्ये जोसेफ साल्ढाणा यांनी हस्तलिखितांवरून ते मंगळूरला रोमन लिपीतच छापले. देवनागरीत ते पुण्यात आले १९५६ मध्ये, शांताराम बंडेलू यांच्यामुळे. स्टीफन्सने सहाशे साच्यांचा हिशेब मांडल्याला तोवर ३४८ वर्षे झाली होती.

सासष्टी, बार्देश, कारवार किंवा मंगळूरकडे कुणाच्या घरी पेटीच्या तळाशी रोमन अक्षरांतली, वाचताना मात्र मराठी लागणारी जुनी वही असेल, तर कृपा करून ती रद्दीत घालू नका. १६१६ ची प्रत अजून सापडायची आहे.