चोर कोण ठरवतो? करामोजातील गुरांच्या लुटीचा इतिहास

पशुपालक जमाती एकमेकांची गुरे पळवतात, म्हणून त्यांचा विकास होत नाही. पूर्व आफ्रिकेविषयी हे विधान इतक्या वेळा केले गेले आहे की ते तपासून पाहण्याचीही कोणाला गरज वाटत नाही. आम्हाला मात्र ते फार ओळखीचे वाटते. आपल्याकडे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पोटातल्या मुलालाही गुन्हेगार ठरवले होते. या जमाती दरिद्री का, असे विचारले की उत्तर तयार असे : चोऱ्या करतात ना! म्हणून करामोजाचा इतिहास आम्ही दुसऱ्या टोकाकडून वाचतो.

करामोजा हा युगांडाचा ईशान्येकडील कोरडा प्रदेश. पलीकडे केनिया आणि दक्षिण सुदान. पाऊस भरवशाचा नाही, पीक हाती लागेलच असे नाही. मग जगायचे कशावर? गुरांवर. दूध त्यांचे, लग्नातले देजही त्यांचेच. दुष्काळाने किंवा साथीने कळप संपला की तरुण भाले घेऊन शेजारच्या टोळीवर धाड घालत आणि वडीलधाऱ्यांचा त्याला आशीर्वाद असे. आम्ही याचे उदात्तीकरण करत नाही. तेव्हाही माणसे मरत होती, बायका विधवा होत होत्या. पण भाल्याने होणाऱ्या नाशाला मर्यादा होती.

ती मर्यादा कोणी मोडली? १८९० च्या दशकात बुळकांडी रोगाने पूर्व आफ्रिकेतील कळपच्या कळप बसवले. त्याच सुमारास हस्तिदंताचे व्यापारी बंदुका घेऊन आले. मग इंग्रज आले आणि त्यांनी कुरणांच्या मधून सीमा आखल्या. पुढे अभयारण्ये झाली, १९६२ मध्ये किडेपो राष्ट्रीय उद्यान झाले. गुरे तेवढीच, चारापाणी कमी. भांडण वाढणार नाही तर काय?

१९७९ मध्ये इदी अमीनची राजवट कोसळली. मोरोटोच्या छावणीतून सैनिक पळाले आणि तिथले शस्त्रागार लोकांनी लुटले. ज्यांच्या हाती रायफली आल्या त्यांनी शेजाऱ्यांचे कळप उचलले. पाठोपाठ दुष्काळ पडला. १९८० च्या उपासमारीत करामोजाची सुमारे पाचवा हिस्सा लोकसंख्या मेली, आणि त्यात तान्ही मुले सर्वांत जास्त. लुटीमुळे विकास अडतो हे आम्ही नाकारत नाही, तो असा अडतो. ज्याच्या दावणीला गाय उरली नाही त्याच्याकडे दुष्काळात विकायला काही नसते.

पुढचे नुकसान कोणत्याही आकड्यात येत नाही. दोन टोळ्यांच्या सीमेवर चारा उभा असतो, पाणी असते, पण भीतीने तिथे कोणी गुरे नेत नाही. असलेली साधनसंपत्तीसुद्धा वाया जाते. गुरांना लस टोचणारा येत नाही, मास्तर टिकत नाही. पोराला शाळेत घालावे की वाड्यावर राखणीला ठेवावे, हा प्रश्न बापापुढे रोजचा असतो. १९९८ मध्ये वाड्यावस्त्यांवरच पहाटे आणि संध्याकाळी वर्ग भरवणारी पर्यायी शिक्षण योजना सुरू झाली, ती याच पेचातून. गुरे गेलेल्या घरातल्या बायका सरपण आणि कोळसा विकतात. अनेकजणी मुलांना घेऊन कंपालाच्या रस्त्यावर हात पसरतात.

सरकारने काय केले? २००१ मध्ये आणि पुन्हा २००६ पासून शस्त्रे काढून घेतली. पहाटे वस्तीला वेढा, घरोघर झडती, पुरुषांना मारहाण. ज्याने बंदूक दिली तो निःशस्त्र झाला आणि शेजारी अजून सशस्त्र होता. मग गुरे लष्कराच्या छावणीजवळ संरक्षित वाड्यांत कोंडली. तिथे दाटीने रोग पसरले, चारा संपला, आणि घरी असलेल्या लेकरांचे दूध तुटले. गुरांचे रक्षण झाले म्हणावे, तर गुरे ज्यांच्यासाठी होती ते उपाशी!

केनियाच्या बाजूला तर हे कायद्यानेच झाले. १९३४ च्या विशेष जिल्हे कायद्याने अख्खी जमात ‘शत्रू’ ठरवून तिची माणसे आणि गुरे ताब्यात घेण्याचा अधिकार अधिकाऱ्यांना दिला. त्याच काळात सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये आपली माणसे तारेच्या कुंपणाआड हजेरी देत होती. साम्राज्य एक आणि तर्कही एकच : गुन्हा एकाचा, शिक्षा जातीला. गोरे गेल्यावर १९६५ मध्ये केनियाच्या स्वतंत्र सरकारने नियोजनाचा दस्तऐवज काढला. चांगली जमीन आणि पाऊस असलेल्या भागात आधी पैसा घाला, असे त्यात ठरले. कोरड्या उत्तरेला रस्ता, शाळा, दवाखाना का मिळाला नाही, याचे उत्तर धाडींत शोधण्याआधी त्या कागदात शोधावे.

बाबासाहेबांनी १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’च्या प्रस्तावनेत गुन्हेगार जमातींचा उल्लेख केला, तेव्हा दोष त्या जमातींवर टाकला नाही. अशी माणसे निर्माण करणाऱ्या संस्कृतीलाच त्यांनी आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. तोच प्रश्न आम्ही इथे विचारतो. आज पळवलेली गुरे सगळीच शेजारच्या वाड्यात जात नाहीत. बरीचशी ट्रकमध्ये चढतात आणि दूरच्या शहरांत मांस म्हणून विकली जातात. ट्रक कोणाचा, भांडवल कोणाचे, रस्त्यावरच्या नाक्यावर तो अडवला का गेला नाही? झडती मात्र अजून वाड्याचीच होते.