समरआइलचे देव किती जुने?

‘द विकर मॅन’ हा १९७३चा ब्रिटिश चित्रपट. त्याच्याविषयी बोलताना जाणकारही एक गोष्ट गृहीत धरून चालतात. ती अशी: स्कॉटलंडच्या पश्चिमेला समुद्रात एक आडबाजूचं बेट आहे, तिथे ख्रिस्तपूर्व निसर्गपूजेचा धर्म शतकानुशतकं तगून राहिला आहे, आणि हरवलेल्या मुलीच्या शोधात आलेला कर्मठ ख्रिस्ती पोलिस त्या आदिम श्रद्धेच्या तोंडी जातो. २०१० साली बीबीसीच्या भयपटांवरच्या मालिकेत मार्क गॅटिसने ‘फोक हॉरर’ या नावाखाली तीन चित्रपट एकत्र मांडले. त्यांतला हा एक. तेव्हापासून हे वाचन जवळजवळ पाठ्यपुस्तकी झालं. माती जुनं विसरत नाही, खेड्याच्या पोटात काहीतरी अघोरी दबा धरून असतं, असा त्याचा सारांश.

हा पूर्वपक्ष मला मान्य नाही. आणि त्याच्या विरोधातला मुख्य साक्षीदार चित्रपटातच, सिनेमा अर्ध्यावर असताना, भर दिवाणखान्यात उभा राहून साक्ष देतो.

कथानक आधी सांगतो. शेवट उघड केल्याशिवाय हा वाद घालता येणार नाही. सार्जंट नील हाउई (एडवर्ड वुडवर्ड) याला निनावी पत्र येतं: समरआइल बेटावरची रोवन मॉरिसन ही मुलगी बेपत्ता आहे. तो सागरी विमानाने एकटाच तिथे उतरतो. धक्क्यावरचे लोक फोटो पाहून म्हणतात, ही आमची नव्हेच. पोस्ट आणि मिठाईचं दुकान चालवणारी तिची आई म्हणते, माझी मुलगी ही नव्हे. शाळेत एक बाक रिकामा आहे, पण हजेरीपटात रोवनचं नाव आहे. थडग्यात मुलीऐवजी ससा सापडतो. हळूहळू हाउईला उमगतं की गेल्या वर्षी पीक बुडालं आणि मे महिन्याच्या पहिल्या दिवशी या मुलीचा बळी द्यायचा घाट आहे. तो वेषांतर करून मिरवणुकीत शिरतो, मुलीला सोडवतो, तिच्या मागोमाग गुहेतून कड्यावर येतो, आणि तिथे सारं गाव त्याची वाट पाहत उभं असतं. बळी तोच आहे. वेताच्या प्रचंड पुतळ्यात त्याला कोंडून जाळतात.

आता ती साक्ष. थडगं उकरायची परवानगी घ्यायला हाउई बेटाच्या मालकाकडे जातो. लॉर्ड समरआइल (क्रिस्टोफर ली) त्याला घराण्याचा इतिहास मोकळेपणाने सांगतो. त्याचा आजा व्हिक्टोरियन काळातला शेतीशास्त्रज्ञ, नास्तिक. त्याने १८६८मध्ये हे उजाड बेट विकत घेतलं. ज्वालामुखीची जमीन आणि गल्फ प्रवाहाची ऊब यांच्या जोरावर इथे फळांच्या नव्या जाती पिकतील, असा त्याचा हिशोब. अडचण मजुरांची होती. खंगलेल्या, निरुत्साही बेटकऱ्यांना कामाला जुंपायचं कसं? त्याने त्यांना जुने देव परत दिले. झाडं फळली, पाद्री बेट सोडून गेले. आज्याने सोयीसाठी केलं ते बापाने मनापासून पुढे चालवलं, आणि आता नातू त्याच श्रद्धेत वाढलेला आहे.

म्हणजे हा धर्म तगलेला नाही, लावलेला आहे. सफरचंदाच्या कलमांसोबत, त्याच माणसाने, त्याच उत्पन्नासाठी. हाउई येतो तेव्हा त्याचं वय शंभरीच्या थोडंसं पुढे आहे.

हे एकदा ध्यानात आलं की बेटावरच्या विधींची विचित्र सरमिसळ उलगडते. शेवटी गाव जे उन्हाळ्याचं गाणं म्हणतं ते तेराव्या शतकातलं इंग्रजी गाणं आहे. हेब्रिडीजच्या गेलिक बेटाचं ते नव्हे. लाकडी घोड्याच्या सोंगाची घराणी सापडतात कॉर्नवॉलमधल्या पॅडस्टोच्या मे-उत्सवात. आणि वेताचा पुतळा? त्याचा प्रसिद्ध आधार म्हणजे ज्युलियस सीझरचं गॉलच्या युद्धावरचं लेखन, म्हणजे जेत्याने जितांविषयी लिहिलेली हकीकत. आणि तीही स्कॉटलंडची नाही, आजच्या फ्रान्सच्या बाजूची. टीकाकार याला पटकथाकाराचा ढिसाळपणा म्हणतात. असेलही. पटकथाकार अँथनी शॅफर आणि दिग्दर्शक रॉबिन हार्डी यांनी जेम्स फ्रेझरचा ‘द गोल्डन बाउ’ मनसोक्त उपसला होता, आणि फ्रेझर स्वतः ठिकठिकाणचे विधी एकाच माळेत ओवणारा. ओडिशातल्या कंधांच्या ‘मेरिया’ नरबळीपासून युरोपातल्या शेतकऱ्यांच्या सुगीपर्यंत सगळं त्याच्या एका सिद्धान्तात बसतं. पुढच्या मानववंशशास्त्रज्ञांनी ती माळ तोडून टाकली. पण ग्रंथालयात बसून धर्म जुळवणाऱ्या जमीनदाराच्या बेटावर अशीच भेळ असणार. कथेत तिला कारण दिलेलं आहे, मग ढिसाळपणाचा आरोप कशाला?

गंमत अशी की हाउईसुद्धा ग्रंथालयातच जातो. मे-उत्सवावरचं पुस्तक उघडतो, त्यातली सोंगं, बळीची प्रथा वाचतो, आणि त्याच्या डोक्यात प्रकरण सुटतं: हे रानटी लोक आहेत, पुस्तकात लिहिल्याप्रमाणे वागणार. हीच त्याची घातक चूक. त्याला कमी दिसत नाही. तो चांगला पोलिस आहे. दारूच्या गुत्त्यातल्या भिंतीवर दरवर्षीच्या सुगीचे फोटो आहेत आणि गेल्या वर्षीचाच नाही, हे तो टिपतो. फळांसाठी नावाजलेल्या बेटावर जेवणात डबाबंद पदार्थ का, हे विचारतो. फोटो काढणाऱ्या औषधविक्रेत्याच्या दुकानात शिरून हरवलेला फोटो मिळवतो. एकेक दुवा बरोबर हाती येतो, आणि प्रत्येक दुवा तिथे त्याच्यासाठीच ठेवलेला असतो. निनावी पत्र नेमकं आपल्याच नावाने का आलं, हे मात्र तो कधी विचारत नाही. गाव आदिम आहे हे मनाशी ठरल्यावर गाव डाव रचू शकेल ही शंकाच उरत नाही. शाळेतल्या बाकात एका मुलीने दोरीने खिळ्याला बांधलेला भुंगा फिरता फिरता खिळ्यालाच आवळला जातो. हाउई तो पाहतो आणि मुलीच्या क्रूरपणावर वैतागतो. समोर ठेवलेल्या नकाशाकडे त्याची पाठच राहते.

माझी तक्रार इथे आहे. ‘प्राचीन अघोर श्रद्धा’ म्हणणारे समीक्षक हाउईच्याच खुर्चीत बसून तेच पुस्तक वाचत आहेत.

याला अतींद्रिय भयपट म्हणण्यातही तोच घोटाळा आहे. पडद्यावर एकही चमत्कार घडत नाही. रोवन ससा झालेली नाही. हाउईला गाढ झोप लागावी म्हणून त्याच्या उशाशी मृताच्या हाताचा दिवा लावतात. तो टक्क जागा असतो. देवांनी फळं दिली की जमिनीने, याचा निकाल चित्रपट कुठेही देवांच्या बाजूने देत नाही.

यावर एक आक्षेप वजनदार आहे, तो टाळून चालणार नाही. आज्याचा हेतू काहीही असो, आज गावकरी खरोखर मानतात. पुतळा पेटतो तेव्हा ते ढोंग करत नाहीत, आनंदाने झुलतात. मग धर्म १०० वर्षांचा की २,००० वर्षांचा, याने जळणाऱ्याला काय फरक पडतो? जळणाऱ्याला नाही पडत. पाहणाऱ्याला पडतो. भय जर प्राचीन असेल तर ते कुणाचंच नसतं. मातीचं असतं, रक्ताचं असतं, त्याचा जाब कुणाला विचारायचा? ते जर तीन पिढ्यांत, एका मालकाने, मजुरी स्वस्त पडावी म्हणून रुजवलेलं असेल, तर जाबदार माणूस नावानिशी सापडतो. आणि तीन पिढ्या एवढ्याशा पुरतात, ही गोष्ट मला कुठल्याही भुतापेक्षा जास्त घाबरवते.

मराठी वाचकाला हा फरक परका वाटू नये. हा चित्रपट तयार होत होता त्याच सुमारास, १९७२च्या अखेरीस, परभणी जिल्ह्यातल्या मानवतमध्ये गुप्तधनासाठी खुनांची मालिका सुरू झाली होती. ‘खेड्यातली अंधश्रद्धा’ असं म्हटलं की आपल्याकडेही चौकशी संपल्यासारखी वाटते. २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने नेमकी हीच खोड मोडायचा प्रयत्न केला. तो मनातल्या श्रद्धेला हात लावत नाही. अघोरी कृत्य करणाऱ्याला आणि त्याचा प्रचार करणाऱ्याला पकडतो.

दुसरा प्रचलित पक्ष हाउईला हटवादी धर्मवेडा ठरवतो: दोन श्रद्धांची टक्कर, दोन्ही सारख्याच आंधळ्या. वरवर हे न्याय्य वाटतं. हाउई रुक्ष आहे, गावात उघड चालणारा शृंगार पाहून तो पेटून उठतो, हे सगळं खरं. पण बेटावर त्या मुलीची काळजी करणारा दुसरा कुणी दिसत नाही. ज्या गुणांसाठी त्याला निवडलं गेलं, म्हणजे ब्रह्मचर्य, कायद्याने दिलेली सत्ता आणि स्वेच्छेने येणं, त्यांतला शेवटचा गुण म्हणजे एका अनोळखी मुलीसाठी जीव धोक्यात घालणं. सापळ्यात त्याच्या चांगुलपणाचंच आमिष आहे. ‘सारखेच आंधळे’ म्हणताना हे हिशोबातून गळतं.

शिवाय शेवटच्या क्षणांत तो एक गोष्ट अचूक ओळखतो, आणि टक्करवाले ती प्रार्थनेच्या आवाजात हरवू देतात. मृत्यू समोर असताना तो आधी शेतीची भाषा बोलतो: या हवामानात ही फळं टिकणार नाहीत, जाती थकल्या, माझ्या मरणाने पीक येणार नाही. मग गावाकडे वळून सांगतो की पुढच्या वर्षी पुन्हा पीक बुडालं तर याहून मोठा बळी लागेल, आणि तो खुद्द लॉर्ड समरआइलचा असेल. लॉर्ड ताडकन म्हणतो की पीक बुडणार नाही. एवढा वेळ विनोदाने, विद्वत्तेने, अदबीने बोलणारा हा माणूस इथे पहिल्यांदा घाईत उत्तर देतो. तपास अखेर योग्य माणसापर्यंत पोचलेला असतो, फक्त तपासनीस तेव्हा पुतळ्याच्या वाटेवर असतो.