‘अ’ची बाराखडी आणि मागे उरलेला ‘ॲ’

निघोजे आणि चाकणच्या कारखान्यांत ‘ॲक्सल’, ‘ॲल्युमिनियम’, ‘ॲसेम्ब्ली’ हे शब्द दिवसभर लिहिले-वाचले जातात. त्यातल्या ‘ॲ’च्याच घडणीची सहा अक्षरं मराठीत एकेकाळी छापली जात: अि, अी, अु, अू, अे, अै.

सावरकरांनी रत्नागिरीच्या स्थानबद्धतेत (१९२४ ते १९३७) त्यांचा हिरिरीने पुरस्कार केला. ओ, औ, अं आपण ‘अ’वरूनच लिहितो, मग इ, उ, ए यांना निराळी रूपं कशाला, हा त्यांचा सवाल होता. गुजरातीत ए, ऐ आजही ‘अ’वर मात्रा देऊनच लिहितात. शिवाय छापखान्याची अडचण खरीखुरी होती. नागरीला शेकडो खिळे लागत. जुळाऱ्याला एकेक खिळा खणातून उचलून ओळ जुळवावी लागे. टंकयंत्रावर तर कळाच पुरत नसत. मात्रांचे खिळे खणात असायचेच. ‘अिमारत’ लिहिलं की ‘इ’चा वेगळा साचा वाचला.

नांगर घडवणाऱ्या किर्लोस्करवाडीने हे मनावर घेतलं, याचं मला फार अप्रूप आहे. ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’, ‘मनोहर’ या मासिकांतून ही बाराखडी घरोघरी गेली. काका कालेलकरांनीही ती उचलून धरली. ‘नवजीवन’ प्रकाशनाच्या नागरी पुस्तकांत ती दिसते.

त्याच सुमारास सोव्हिएत राजवट कॉकेशसमधल्या भाषांसाठी लॅटिन लिपीत नवी अक्षरं पाडत होती. १९३०चं दशक सरता सरता त्यांतल्या बहुतेक भाषांवर सिरिलिक लिपी लादली गेली आणि त्या नव्या अक्षरांतली कित्येक बाद झाली. आपल्याकडे असा हुकूम निघाला नाही. शाळेत पोरं इ, ई, उ, ऊ असंच गिरवत राहिली आणि ‘अि’ हळूहळू मागे पडला. खिळे वाचवणं ही छापखान्याची गरज होती. वाचणाऱ्याला ‘इ’ पुरत होता.

‘ॲ’चं तसं नव्हतं. इंग्रजी शब्दांसोबत आलेल्या त्या उच्चाराला मराठीत दुसरं अक्षरच नव्हतं. तरी संगणकावर त्याचे हाल झाले. युनिकोडमध्ये ‘ए’वर चंद्र असलेला ‘ऍ’ होता, मराठीचा ‘ॲ’ नव्हता. ‘अ’ला चंद्र जोडावा, तर काही फॉन्टांत तो शेजारी उमटणाऱ्या ठिपक्यांच्या वर्तुळावर जाऊन बसे. २००८ साली ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतःची जागा मिळाली, आणि ६ नोव्हेंबर २००९च्या शासन निर्णयाने ‘ऑ’सह तो मराठी वर्णमालेत रीतसर दाखल झाला.